मक्याचा डीएनए शाळूच्या तिप्पट का?

अथणी-गोकाककडच्या मळ्यांत रब्बीला बांधाच्या एका अंगाला शाळू आणि दुसऱ्या अंगाला मका उभा असतो. गुडघाभर होईपर्यंत लांबून बघणाऱ्याला दोन्ही पिकं सारखीच वाटतात, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. ही चुलतभावंडं आहेत. सुमारे एक कोटी वीस लाख वर्षांपूर्वीपर्यंत दोघांचं घराणं एकच होतं. पण पेशीतला डीएनए मोजला की फरक डोळ्यांत भरतो. गुणसूत्रांच्या एका संचात शाळूकडे सुमारे ७३ कोटी अक्षरं आहेत, मक्याकडे २३० कोटी. (अक्षरं म्हणजे ए, टी, जी, सी ही डीएनएची चार अक्षरं.) जनुकांची संख्या मात्र दोघांकडे तीस ते चाळीस हजारांच्या घरातच. यळ्ळूरच्या शिवारातल्या भाताकडे ३९ कोटी अक्षरं, आपल्याकडे म्हणजे माणसाकडे ३१० कोटी, आणि भाकरीबरोबर बुक्कीने फोडून खातो त्या कांद्याकडे जवळपास १६०० कोटी.

या आकड्यांचं कोडं १९५१ पासून माहीत आहे. मिर्स्की आणि रिस यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या पेशींतला डीएनए मोजला, तेव्हा जीव जितका गुंतागुंतीचा तितका डीएनए जास्त हा समज टिकला नाही. उत्तर सापडायला बराच वेळ लागला. एका वाक्यात सांगायचं तर जीनोमचा, म्हणजे गुणसूत्रांच्या एका संचातल्या सगळ्या डीएनएचा, मोठा भाग त्याच त्या मजकुराच्या हजारो, लाखो प्रतींनी भरलेला असतो. यालाच पुनरावृत्त डीएनए म्हणतात.

शाळू-मक्याचा ठोकळ हिशेब करून बघा. मक्याच्या २३० कोटींपैकी सुमारे ८५ टक्के असा पुनरावृत्त मजकूर आहे. तो वगळला तर उरतात साधारण ३५ कोटी. शाळूत हे प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास. वगळल्यावर उरतात २८ कोटी. भातात ३५ टक्के. उरतात २५ कोटी. म्हणजे ३९, ७३ आणि २३० अशी वरवर विस्कटलेली रांग आतून २५, २८, ३५ अशी निघते. शाळूपासून वेगळं झाल्यावर मक्याच्या पूर्वजात अख्खा संच एकदा दुप्पट झाला आणि नंतर त्यातली बरीच जनुकं गळाली, त्याची थोडी भर त्या ३५ मध्ये आहे. बाकी सगळी तफावत प्रतींची.

पुनरावृत्ती आहे हे ओळखायची पहिली रीत अगदी साधी होती, आणि आजही ती समजून घेण्यासारखी आहे. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेतल्या ब्रिटन आणि कोहने यांनी १९६८ साली ती मांडली. डीएनएचे काहीशे अक्षरांचे तुकडे करायचे, उकळून त्यांच्या दोन धाग्यांची जोडी सोडवायची, आणि मग मिठाच्या द्रावणात ६० अंशांवर ठेवून द्यायचे. सुटे धागे आपल्या जोडीदाराला शोधून पुन्हा चिकटतात. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत ‘कुणीही फेटेवाला’ शोधायचा तर पावलागणिक सापडतो. ‘माझा थोरला भाऊ’ शोधायचा तर दिवस जातो. तसंच इथं. ज्या तुकड्याच्या लाखभर प्रती आहेत तो क्षणात जोडी जमवतो, एकुलत्या एका जनुकाला फार वेळ लागतो. किती डीएनए किती वेळात जुळला याचा आलेख काढला, की कुठला हिस्सा किती वेळा आहे ते कळतं.

या प्रतींच्या दोन मुख्य जाती. एक, एकापाठोपाठ एक रांगेत लागलेल्या. दुसरी, जीनोमभर विखुरलेल्या.

रांगेतल्या प्रतींत सर्वांत महत्त्वाच्या गुणसूत्राच्या कमरेच्या. पेशी विभागताना गुणसूत्राला जिथं दोर लागतो ती कंबर म्हणजे सेंट्रोमिअर. भातात तिथं १५५ अक्षरांचा एक तुकडा आणि मक्यात १५६ अक्षरांचा एक तुकडा शेकडो-हजारो वेळा ओळीने येतो. त्याला सॅटेलाइट डीएनए म्हणतात. काम सगळीकडे एकच असूनही हा मजकूर जातीगणिक झपाट्याने बदलतो, हे या क्षेत्रातलं आजही पुरतं न उलगडलेलं आश्चर्य आहे. गुणसूत्राच्या टोकांना बहुतेक वनस्पतींत टीटीटीएजीजीजी हे सात अक्षरी टोपण पुन्हा पुन्हा येतं. कांदा-लसणाच्या कुळात ते सापडेना, म्हणून टोकांवर नेमकं काय आहे हा प्रश्न कित्येक वर्षं लोंबकळत होता. २०१६ साली कळलं की तिथं सीटीसीजीजीटीटीएटीजीजीजी असं बारा अक्षरांचं वेगळंच टोपण आहे. रांगेतल्याच प्रतींचा तिसरा प्रकार फार छोटा: दोन-तीन अक्षरांची री ओढलेली असते, जसं सीए-सीए-सीए. याला एसएसआर किंवा मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. वाण ओळखायच्या कामात हाच कामी येतो. त्याकडे पुढे येऊ.

विखुरलेल्या प्रती म्हणजे जागा बदलणारे तुकडे, ट्रान्सपोझॉन. ते पहिल्यांदा दिसले मक्यातच. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथं मक्याच्या ठिपकेदार दाण्यांचा छडा लावला. रंगाच्या जनुकात ‘डीएस’ नावाचा तुकडा घुसला की दाणा बिनरंगी होतो. दाणा भरताना एखाद्या पेशीतून तो तुकडा निघून गेला, तर त्या पेशीच्या वंशावळीत रंग परत येतो आणि ठिपका दिसतो. तुकडा लवकर निघाला तर ठिपका मोठा, उशिरा निघाला तर बारीक. डीएस स्वतःहून हलू शकत नाही. त्याला हलवणारं विकर (एन्झाइम) ‘एसी’ नावाचा दुसरा तुकडा बनवतो. या कामासाठी त्यांना १९८३ साली नोबेल मिळालं.

डीएससारखे तुकडे खानापूरकडे भाताची रोपं लावतात तसे वागतात: एकीकडून उपटायचं, दुसरीकडे लावायचं. त्याने संख्या फारशी वाढत नाही. जीनोम फुगवणारे तुकडे वेगळे, ते हरळीसारखे. हरळीचा मूळ गड्डा जागेवर राहतो आणि नवे कोंब शिवारभर पसरतात. या तुकड्यांना रेट्रोट्रान्सपोझॉन म्हणतात. मूळ तुकडा हलतच नाही. त्याची आरएनए नक्कल निघते, त्या नकलेवरून नवा डीएनए बनतो आणि तो भलतीकडे जाऊन बसतो. मक्यात, गव्हात, तंबाखूत, कांद्यात जागा खाणारे बहुतेक तुकडे या जातीचे आहेत. सॅनमिगेल, बेनेट्झेन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली मक्यातल्या एका जनुकाच्या आसपासची २ लाख ८० हजार अक्षरं तपासली तेव्हा एका रेट्रोट्रान्सपोझॉनच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा अशी रचना निघाली.

पोटातला बाहेरच्यापेक्षा नवा, हे उघड आहे. पण नेमकं वयही काढता येतं, आणि ही रीत फार सुंदर आहे. या तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकच मजकूर असतो, त्याला एलटीआर म्हणतात. तुकडा बसतो त्या दिवशी दोन्ही टोकं तंतोतंत सारखी असतात. पुढे प्रत्येक टोकात आपापले बदल साचत जातात. गवतकुळातल्या पिकांसाठी वापरला जाणारा दर आहे दर जागेला दर वर्षी १.३ भागिले १० कोटी. समजा टोक ५०० अक्षरांचं आहे आणि दोन टोकांत १३ अक्षरं वेगळी निघाली. फरक झाला ०.०२६. बदल दोन्ही टोकांत साचतात म्हणून दराची दुप्पट करून भागायचं. उत्तर येतं १० लाख वर्षं. याच रीतीने मक्याचा जीनोम गेल्या साठेक लाख वर्षांत दुपटीने फुगल्याचं दिसलं. भाताचा ऑस्ट्रेलियातला एक रानटी नातेवाईक तर केवळ तीन रेट्रोट्रान्सपोझॉन कुळांच्या जोरावर गेल्या ३० लाख वर्षांत दुप्पट झाला.

हे गणित करताना चुका कुठे होतात तेही सांगायला हवं. पेशी या तुकड्यांना गप्प ठेवण्यासाठी त्यांच्या ‘सी’ अक्षरांवर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाचा शिक्का मारते. शिक्का बसलेला ‘सी’ इतरांपेक्षा लवकर ‘टी’ होतो, त्यामुळे तुकडा आहे त्यापेक्षा म्हातारा दिसतो. उलट, दोन टोकांत आपसात मजकुराची उसनवारी झाली तर तो तरुण दिसतो. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आपण फक्त शिल्लक राहिलेले तुकडे मोजतो. जे पुसले गेले त्यांचं वय कळायला मार्ग नाही.

हो, पुसलेही जातात. एलटीआरची दोन टोकं सारखी असल्यामुळे गुणसूत्र कधी कधी मध्ये दुमडतं, टोकाला टोक जुळतं आणि मधला मजकूर कापला जाऊन एकच टोक मागे राहतं. म्हणून जीनोमचा आकार ठरतो भर आणि गळती यांच्या जमाखर्चावर. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात सीतेची आसवं फुलतात. त्यांच्याच नात्यातल्या एका पाणवनस्पतीने हा खर्च इतका वाढवला आहे की सगळा जीनोम १० कोटी अक्षरांच्या आसपास, आणि तरी जनुकं २८ हजारांवर. तिचं काही अडलेलं नाही.

म्हणून पुनरावृत्त डीएनए ‘कचरा’ की ‘खजिना’ हा वाद आम्हाला चुकीचा वाटतो. सगळंच उपयोगाचं असतं तर कांद्याला माणसाच्या पाचपट डीएनए कशासाठी लागतो, याचं उत्तर द्यावं लागेल. सगळंच निरुपयोगी म्हणावं तर अथणी-तासगावकडची हिरवी द्राक्षं समजणार नाहीत. द्राक्ष मुळात काळं. त्याच्या सालीत रंग आणणाऱ्या जनुकाच्या तोंडाशी ‘ग्रेट-१’ नावाचा सुमारे दहा हजार अक्षरांचा रेट्रोट्रान्सपोझॉन बसला, शेजारच्या जोडजनुकातही बिघाड झाला, आणि पांढरी म्हणजे आपण हिरवी म्हणतो ती द्राक्षं आली. यातली ग्रेट-१ ची गोष्ट २००४ साली उलगडली. ‘इटालिया’ या पांढऱ्या वाणाच्या वेलीवर पुढे लाल घडाची फांदी आली आणि तिचा ‘रुबी ओकुयामा’ वाण झाला. तिथं जनुकाशी काय सापडलं? वर सांगितलेलं एकटं उरलेलं टोक. मधला तुकडा कापला गेला आणि रंग परतला.

मक्याचंही तसंच. त्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे हे फुटव्यांचं झुडूप. फुटवे दाबून एकच ताट उभं करणारं जनुक मक्यात जास्त जोराने चालतं, कारण त्याच्यापासून साठेक हजार अक्षरांच्या अंतरावर ‘हॉपस्कॉच’ नावाचा रेट्रोट्रान्सपोझॉन बसलेला आहे. लाखो तुकड्यांतल्या एखाद्याची जागा अशी नेमकी पडते. बाकीचे नुसते बसलेले असतात. प्रत्येक तुकड्याला विचारायचे प्रश्न दोनच: कुठे बसलास आणि कधी.

आता कामाच्या गोष्टी. आपल्या भागात हा विषय तीन ठिकाणी थेट पैशाला भिडतो: उसाचं बेणं, खपली गहू आणि टिश्यू कल्चरची रोपं.

उसाचा जीनोम पिकांतल्या सर्वांत गुंतागुंतीच्या जीनोमपैकी एक. कोइमतूरला बार्बर आणि वेंकटरमण यांनी जाड गोड ऊस आणि रानटी ऊस यांचा संकर केला आणि १९१८ साली को २०५ हा वाण दिला. आजचे लागवडीतले वाण अशाच संकरांच्या वंशातले. शंभराहून जास्त गुणसूत्रं, सुमारे १००० कोटी अक्षरं, आणि प्रत्येक जनुकाच्या आठ ते बारा प्रती. कुठलं गुणसूत्र कोणाकडून आलं ते रंगवून बघता येतं: रानटी उसाच्या डीएनएला चमकणारा रंग जोडून तो मुळाच्या टोकातल्या गुणसूत्रांवर सोडायचा. रंग नेमका आपल्याच गुणसूत्रांवर बसतो, कारण दोन जातींची जनुकं सारखी असली तरी पुनरावृत्त मजकूर वेगळा झालेला असतो. त्यातून कळलं की ऐंशी टक्क्यांच्या आसपास गुणसूत्रं गोड उसाची, दहा-पंधरा टक्के रानटी, आणि बाकीची दोघांची सरमिसळ.

बेण्याचा वाण तपासायचा तर एसएसआर. री किती वेळा ओढली आहे ते वाणागणिक बदलतं, म्हणून तुकड्याची लांबी बदलते. पान घ्यायचं ते पोंग्यातलं, कोवळं, पांढुरकं. जून पानात तंतू आणि चिकट शर्करा जास्त. डीएनए काढला तर शेंबडासारखा लगदा येतो आणि पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरमसाट नकला काढायची रीत) चालतच नाही. सुमारे १०० मिलिग्रॅम पान द्रव नायट्रोजनमध्ये कुटून सीटीएबी या साबणासारख्या रसायनाच्या द्रावणात ६५ अंशांवर अर्धा ते एक तास ठेवतात. द्रावणात २ टक्के सीटीएबी आणि १.४ मोलर मीठ. शर्करा त्रास देत असेल तर मीठ वाढवतात. काजू-आंब्यासारख्या टॅनिनवाल्या पानांत एक-दोन टक्के पीव्हीपी (टॅनिन धरून ठेवणारं रसायन) घालावं लागतं, नाहीतर द्रावण तपकिरी होतं आणि डीएनए कायमचा खराब होतो. पुढे क्लोरोफॉर्म, आयसोप्रोपेनॉल, ७० टक्के अल्कोहोलची धुणी. शेवटी २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशातल्या वाचनांचं गुणोत्तर १.८ च्या आसपास हवं. पण त्यावर थांबू नये. २६० आणि २३० चं गुणोत्तर २ पेक्षा बरंच खाली असेल तर शर्करा अजून आत आहे.

पीसीआर करताना विकर त्याच त्या अक्षरांवर घसरतं आणि जेलवर (तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर) खऱ्या पट्टीच्या खाली एक फिकट सावली पडते. दोन अक्षरी एसएसआरमध्ये हा त्रास फार, तीन-चार अक्षरी कमी. साध्या अॅगारोजच्या जेलवर दोन अक्षरांचा फरक भरवशाने दिसत नाही. पॉलिअॅक्रिलामाइड किंवा कॅपिलरी यंत्र लागतं. उसात एका मार्करला, म्हणजे तपासायच्या एका एसएसआरला, पाच-सात पट्ट्या येतात. तो दोष नव्हे. प्रती अनेक आहेत म्हणून पट्ट्या अनेक. प्रत्येक पट्टी आहे की नाही एवढंच नोंदवून पैदासकाराकडच्या अस्सल नमुन्याशी ताडायचं. ऊस कांडीने वाढतो, त्यामुळे को ८६०३२ चिकोडीत असो की निपाणीत, चित्र एकच यायला हवं.

किती झाडं तपासायची? प्लॉटमध्ये ५ टक्के भेसळ असेल आणि ती ९५ टक्के खात्रीने पकडायची असेल, तर वेगवेगळ्या ठिकाणची किमान ५९ झाडं एकेक करून तपासावी लागतात. १ टक्का भेसळीसाठी २९९. बांधाकडेची दहा पानं एकत्र कुटून दिलेल्या अहवालावर बेण्याचा सौदा करू नये.

खपलीचं तत्त्व वेगळं. हुग्गीची खपली म्हणजे चार संचांचा गहू, ए आणि बी घराण्याचे दोन-दोन. चपातीच्या साध्या गव्हात यांच्या जोडीला डी घराणंही असतं. डी घराण्यात काही पुनरावृत्त तुकडे असे आहेत की ते ए-बी मध्ये सापडत नाहीत. खपलीच्या पिठात असा तुकडा पीसीआरने दिसला तर साधा गहू मिसळला आहे. तुकड्याच्या प्रती मुळातच भरपूर असल्यामुळे थोडीशी भेसळही सापडते, पण याच गुणाचा दोष होतो: गिरणीत आधीच्या दळणाचा गहू चिकटलेला असला तरी चाचणी हो म्हणते. म्हणून नुसतं ‘आहे’ पुरेसं नाही; डी चा इशारा आणि सगळ्या गव्हांत असणाऱ्या जनुकाचा इशारा यांचं प्रमाण मोजावं लागतं. दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची. बन्सी गहूही ए-बी घराण्याचाच. खपलीत बन्सी मिसळला तर ही चाचणी गप्प बसते. त्यासाठी वाणनिहाय एसएसआर लागतात.

राहिलं टिश्यू कल्चर. पेशींना बाटलीत संप्रेरकांवर वाढवलं की मिथाइलचे शिक्के सुटू शकतात आणि गप्प बसलेले तुकडे जागे होतात. भातात ‘टॉस-१७’ हा रेट्रोट्रान्सपोझॉन एरवी एक ते चारच प्रतींत झोपलेला असतो. बाटलीत वाढवलेल्या पेशींतून आलेल्या रोपांत त्याच्या पाच ते तीस नव्या प्रती सापडल्या, हे १९९६ साली जपानमध्ये दिसलं. मलेशियात पामतेलाच्या टिश्यू कल्चर झाडांना फळंच वेडीवाकडी येत होती. २०१५ साली कारण कळलं: ‘कर्मा’ नावाच्या तुकड्यावरचा मिथाइलचा शिक्का उडाला होता, त्याने तो ज्या जनुकात बसला होता त्याचाच मजकूर बिघडवला. लागवडीच्या वेळी रोप निरोगी, दोष कळतो तो फळ धरल्यावर, म्हणजे काही वर्षांनी.

उसात आणि केळीत हा धोका कमी ठेवता येतो. रोपं गाठीच्या पेशींतून म्हणजे कॅलसमधून काढलेली नसावीत, शेंड्याच्या वाढबिंदूतून काढलेली असावीत. एका मूळ शेंड्यापासून किती फेऱ्या वाढवलं ते विचारावं. फेऱ्या जितक्या जास्त तितका बिघाड साचतो. पुनर्लागवडीनंतर पंचेचाळीस आणि नव्वद दिवसांनी प्लॉटमधून फिरून पांढरे पट्टे असलेली, अति फुटव्यांची, बारीक पानांची, कांडी आखूड धरलेली बेटं उपटून टाकावीत. तसं एक बेट बेण्यासाठी तोडलं गेलं, तर खोडव्यातही ते तसंच येतं आणि पुढच्या लावणीत त्याची दहा बेटं होतात.